बाण कोणाकडे होता

आधीच सांगून टाकते, मी भांडखोर आहे. नवऱ्याला विचारा, सासूबाईंना विचारा, आमच्या दुकानाच्या मालकांना विचारा. आठवडाभर मी चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते आणि शनिवार-रविवारी मुलामुलींच्या बास्केटबॉलच्या मॅचेसना पंच म्हणून उभी राहते. पंच, आणि तीही चष्म्याच्या दुकानातली, म्हणजे पालकांच्या हातात आयतं कोलीतच. ‘बाई, आधी स्वतःचा नंबर तपासा’ हे मी चौदा वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता कोण किती जोरात म्हणतो यावर मनातल्या मनात मार्क देते. कोणाचं ऐकून घेतलं नाही कधी. पण ज्या दिवशी खरोखर तोंड उघडायला हवं होतं, त्या दिवशी माझी दातखीळ बसली. आता सांगायला बसलेय ते त्या दिवसाचं, म्हणजे खरं तर सरांचं.

सर म्हणजे मीटरकाका. पोरं काका म्हणतात, मी सर म्हणते, कारण शिट्टी वाजवायला त्यांनीच शिकवलं. चौतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचं काम केलं. घरोघरी जायचं, झाकण उघडायचं, गुडघ्यावर बसून काच पुसायची, आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. एकदा संध्याकाळी वही चाळताना त्यांना एका घराचा सात आणि एक यात शंका आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घराचं दार वाजवून त्यांनी माफी मागितली आणि पुन्हा आकडा वाचला. घरमालक म्हणाला, अहो राहू द्या. हे म्हणाले, राहू कसं देऊ. अंगाने काटकुळे, पँटला स्वतः इस्त्री केलेली, बुटांना इतकं पॉलिश की पोरं त्यात तोंड बघून दात तपासायची. मॅचला अर्धा तास आधी येणार म्हणजे येणार. त्यांची बायको, आमची काकू, म्हणायची की यांचं लग्न झालंय शिट्टीशी, मी आपली घर सांभाळायला आहे.

मी नवी होते तेव्हा एकदा भर मैदानात आमच्या दोघांचं वाजलं होतं. दोन पोरं धडकली, आम्ही दोघांनी एकाच क्षणी शिट्टी मारली. मी कमरेवर हात ठेवले, म्हणजे चूक अडवणाऱ्याची. पलीकडे सरांनी मूठ दाखवली, म्हणजे चूक चढाई करणाऱ्याची. पोरं बिचारी दोघांकडे आळीपाळीने बघतायत, हॉलभर हशा. मी तिथूनच ओरडले, अहो सर, मी जवळ होते. मॅच संपल्यावर सर मला गाद्या रचून ठेवतात त्या कोपऱ्यात घेऊन गेले. मला वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. पण ते शांतपणे सांगत बसले. पंचांचं पटलं नाही की एकमेकांजवळ चालत जायचं, लोकांकडे पाठ करायची. ज्याची शिट्टी तो आधी बोलणार. दुसऱ्याने फक्त आपल्याला काय दिसलं किंवा काय माहीत आहे तेवढं सांगायचं, ‘तुमचं चुकलं’ हे शब्द काढायचे नाहीत. मग ज्याची शिट्टी त्यानेच ठरवायचं, आणि अगदीच अडलं तर पहिल्या पंचाचा शब्द शेवटचा. एकदा ठरलं की दोघांनी त्याच्या मागे उभं राहायचं. मी वाद घातलाच, न घालून सांगते कोणाला. म्हटलं, आणि ठरलेलं धडधडीत चूक असेल तर?

“तर ती चूक दोघांची,” सर म्हणाले. “पण मुलांसमोर एका पंचाने दुसऱ्याचं वस्त्रहरण करायचं नाही. मुलं मग कोणाचंच ऐकत नाहीत.”

रिपोर्टाच्या बाबतीत तर ते मीटर वाचायच्या वहीपेक्षा कडक. तक्रार आली की पंचांना समितीकडे लेखी रिपोर्ट द्यावा लागतो. सरांचा रिपोर्ट म्हणजे सात-आठ ओळी, टाइप केल्यासारखं अक्षर, घडलं तेवढंच. एकदा तर कोणी तक्रारही केली नव्हती, तरी त्यांनी आपणहून लिहून दिलं की दुसऱ्या सत्रात माझ्याकडून एक फाउल चुकीच्या खेळाडूच्या नावावर गेला. सचिवांनी कपाळाला हात लावला होता.

यंदाचा मोसम सुरू व्हायच्या आधी काकू दुकानात आली. चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणाली. स्क्रू चांगला घट्ट होता. मी तो उगाच सोडवून पुन्हा बसवला, तोवर तिने सांगितलं. सर सकाळी वही घेऊन बाहेर पडले होते आणि तीन गल्ल्या सोडून एका घरी मीटर वाचायला गेले होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. घरातल्या माणसाने त्यांना ओळखलं, पाणी दिलं, बसवून घेतलं आणि काकूला फोन केला. घरी आल्यावर सर म्हणाले, जरा पाय मोकळे करायला गेलो होतो. डॉक्टरचं नाव काढलं की ताट सरकवून उठतात, म्हणाली. मी विचारलं, मग शिट्टी? तिने डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही, सरळ माझ्याकडे बघितलं.

“त्यांच्या मॅचेस तुझ्याबरोबरच लाव,” ती म्हणाली. “मैदानावर अजून सगळं आठवतं त्यांना. ते काढून घेतलं तर माझ्या हाती काय उरेल गं?”

कोणत्या मॅचला कोण पंच हे ठरवायचं काम माझ्याच गळ्यात आहे, सचिवांना त्याचा कंटाळा येतो म्हणून. मी सरांच्या नावापुढे प्रत्येक वेळी माझं नाव लिहिलं. चुकीचं होतं, मला कळत होतं. सरांना कळलं असतं तर त्यांनी मला दाराबाहेर काढलं असतं.

आणि मग मी डोळ्यांत तेल घालून मॅचेस केल्या. सर नेहमीप्रमाणे सुरुवातीच्या आधी मला कोपऱ्यात घेऊन नियमांची उजळणी करायचे, तेव्हा मी वेड पांघरून विचारायची, सर, तेरा वर्षांखाली हे कसं असतं हो? ते खूश होऊन समजावायचे आणि त्यांचं त्यांनाच पाठ व्हायचं. बाजू बदलल्यावर कोणता संघ कुठल्या बास्केटकडे जातोय हे मी पळता पळता पुटपुटायची. ते म्हणायचे, माहितीये गं, किती बडबडतेस. चार मॅचेस निभावल्या. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, जमतंय की आपल्याला, हा मोसम तर काढू. शहाणी समजायला लागले होते स्वतःला.

पाचवी मॅच तेरा वर्षांखालच्या मुलींची होती, उपांत्य फेरी. सर पहिले पंच, मी दुसरी. आता बाणाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन खेळाडूंनी एकदम चेंडू घट्ट धरला आणि कोणीच सोडेना, तर चेंडू कोणाला द्यायचा? त्यासाठी गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलावर एक बाण ठेवलेला असतो. तो ज्या संघाकडे, चेंडू त्यांचा, की पुढच्या वेळेसाठी बाण फिरवायचा. आळीपाळी, भांडण नाही. फार पूर्वी असं नव्हतं. तेव्हा त्या दोघांनाच वर्तुळात उभं करून मध्ये चेंडू उडवायचे, जो उंच उडेल त्याच्या संघाला मिळायचा. मी शिट्टी हातात घेतली तेव्हाच तो नियम मोडीत निघालेला होता. मला तो ठाऊक होता तो सरांच्या गप्पांमधून.

सहा सेकंद राहिले होते. निळा संघ एका गुणाने मागे. पिवळ्यांच्या बास्केटखाली निळ्यांची सर्वांत बुटकी पोरगी आणि पिवळ्यांची सर्वांत उंच पोरगी, दोघी एकाच चेंडूला लोंबकळल्या. बुटकीच्या गुडघ्याला चिकटपट्टी, पाय जमिनीवरून सुटलेले, पण हात सुटले नाहीत. सरांनी शिट्टी मारली, दोन्ही अंगठे वर केले. अगदी बरोबर. मी टेबलाकडे पाहिलं. बाण निळ्यांकडे. म्हणजे चेंडू त्यांचा, बास्केटच्या अगदी जवळून, आणि सहा सेकंद. निळ्या पोरी आधीच उड्या मारायला लागल्या होत्या.

सरांनी चेंडू उचलला आणि ते मैदानाच्या आतल्या वर्तुळाकडे चालायला लागले. दोन्ही मुलींना त्यांनी हाताने बोलावलं. एक इकडे, एक तिकडे. मुली गोंधळून उभ्या राहिल्या. त्यांनी असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मी पळत गेले, लोकांकडे पाठ केली, शिकवलं होतं अगदी तसं.

“सर, बाण निळ्यांकडे आहे,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा शांत, दयाळू, नेहमीचाच.

“कसला बाण?” ते म्हणाले.

टेबलावरच्या बाईंनी भोंगा वाजवला, बाण उचलून दाखवला. निळ्यांचे कोच ओरडत होते. सरांनी त्यांच्याकडे न बघता हाताचा पंजा वर केला, थांबा म्हणून. मी पुन्हा म्हटलं, सर, टेबलाकडे एकदा बघा. त्यांनी पाहिलं. त्यांना टेबल दिसलं, बाई दिसल्या, बाईंच्या हातातलं ते लाल प्लास्टिकही दिसलं असेल. ते काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मला म्हणाले, हो बाजूला, मुलींना ताटकळत ठेवू नये.

मी तेव्हा ओरडू शकले असते. एरवी मी भाजीवाल्यावर ओरडते, रिक्षावाल्यावर ओरडते, दुकानात आलेल्या साहेबांवर ओरडते. दोनशे माणसांसमोर म्हणायचं फक्त एवढंच होतं, की सरांना बाण आठवत नाहीये. तिथल्या तिथे सगळं संपलं असतं, मॅचचा घोळही आणि सरही. मी बाजूला झाले. सरांनी चेंडू सरळ वर उडवला, काय सुरेख उडवला, आणि उंच पोरीने टाचही न उचलता तो मागे टोलवला. सहा सेकंद पिवळ्यांच्या पोरी चेंडू घेऊन नाचत राहिल्या. भोंगा वाजला.

ती चिकटपट्टीवाली माझ्याकडे आली. रडत नव्हती, हिशेब लावत होती.

“ताई, बाण आमच्याकडे होता ना?”

मी तिला म्हटलं, पहिले पंच ठरवतात. असं म्हणताना मला माझीच किळस आली.

निळ्यांनी तक्रार केली, करायलाच हवी होती. सचिवांनी आम्हा दोघांकडून वेगवेगळे रिपोर्ट मागितले. मी दोन दिवस कोरा कागद घेऊन बसले होते. खरं लिहावं तर सरांची शिट्टी माझ्याच हाताने काढून घ्यायची. खोटं लिहावं तर त्या पोरीचं काय, आणि खोटं लिहून सरांच्या समोर कुठल्या तोंडाने उभी राहू? नवरा म्हणाला, एवढी तडतड करणारी बाई तू, चार ओळी लिहिता येईनात? मी त्याच्याशीही भांडले नाही, तेव्हा तो घाबरला.

तिसऱ्या दिवशी सचिवांनी बोलावून सरांचा रिपोर्टच माझ्यापुढे सरकवला. तेच टाइप केल्यासारखं अक्षर. सहा सेकंद शिल्लक असताना दोन खेळाडूंनी चेंडू एकत्र धरला. बाण निळ्या संघाकडे होता. माझ्या सहकारी पंचांनी ही माहिती मला वेळेवर आणि योग्य पद्धतीने दिली. ती न ऐकता मी चेंडू उडवला. चूक संपूर्णपणे माझी आहे, सहकारी पंचांचा तिच्यात काहीही दोष नाही. खाली सही, तारीख. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

मला रडू फुटलं, आणि खरं सांगते, आनंदाने. म्हणजे त्यांना सगळं आठवत होतं. क्षणभर गेला असेल तोल, पण घरी जाऊन त्यांना बाण आठवला, मी आठवले, सगळं आठवलं. मी त्याच कागदाखाली लिहिलं, वरील मजकुराशी सहमत. सचिव म्हणाले, मॅच पुन्हा होईल, पण सरांचं नाव यादीतून काढावं लागणार, एवढं लेखी कबूल केल्यावर माझ्या हातात काही नाही. मी म्हटलं, त्यांनी खरं लिहिलं, त्याची ही शिक्षा?

तशीच सरांच्या घरी गेले. सर खिडकीपाशी बसून बुटांना पॉलिश करत होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात. मी काही बोलायच्या आत सरांनी ब्रश खाली ठेवला, हात पुसले आणि मला समोर बसवलं.

“यादीतून काढलं ना मला? कळलं,” ते म्हणाले. “मनाला लावून घेऊ नकोस. मी विचार करूनच लिहिलंय. आयुष्यात पहिल्यांदा रिपोर्टात खोटं लिहिलं, पण तुझं नाव येऊ दिलं नाही.”

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, खोटं कुठलं, सर?

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. तू चेंडू घेऊन वर्तुळात गेलीस. मी पळत आलो, तुला म्हणालो, बाण निळ्यांकडे आहे. आणि तू मला विचारलंस, कसला बाण. मला धस्स झालं गं. चौदा वर्षं शिकवलेली पोरगी. सगळ्यांसमोर तुला उघडं कसं पाडणार होतो? म्हणून गप्प बसलो. तू तरुण आहेस, तुझं अख्खं आयुष्य पडलंय, माझं काय, झालंच आता.

मी काकूकडे पाहिलं. तिने एकदाच मान हलवली, नको म्हणून. मला सांगायचं होतं, सर, तुम्ही खोटं लिहिलेलं नाही, त्या कागदातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. हे सांगितलं असतं तर त्यांच्याजवळ काय राहिलं असतं? शिट्टी तर गेलीच होती. निदान ती कोणासाठी तरी सोडली, एवढं तरी त्यांच्यापाशी होतं. इतकी असहाय मी माझ्या बाळंतपणातही झाले नव्हते. बोलणं हा माझा एकच गुण, तोही उपयोगाचा नव्हता.

मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, सर, तुमचे उपकार कसे फेडू.

ते म्हणाले, फेडू बिडू नकोस, फक्त डॉक्टरला दाखव. आधीही तुझ्यात बघितलंय मी, या मोसमात तू साधे साधे नियम मला विचारत होतीस. बाजू बदलली की स्वतःशी पुटपुटायचीस. मी कोणाला बोललो नाही. पण हे दुखणं अंगावर काढायचं नसतं.

“एकटीला भीती वाटते, सर,” मी म्हणाले. “तुम्ही येता बरोबर?”

“येतो की,” ते म्हणाले. “त्यात काय.”

काकू वळून आत गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. सर अर्धा तास आधीच खाली येऊन उभे होते. वहीतलं एक पान फाडून त्यावर त्यांनी माझी लक्षणं लिहून आणली होती, तारखेसकट. डॉक्टर बाई वयाने लहान होत्या, चष्मा आमच्याच दुकानातला. त्यांनी आळीपाळीने तिघांकडे पाहिलं आणि विचारलं, पेशंट कोण?

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“ही,” ते म्हणाले. “आमची मुलगीच समजा. काय असेल ते आधी मला सांगा, तिला मी हळूहळू सांगेन.”